सौरपंप, बायोगॅस की माळ भाड्यानं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासाठी हिशेब

अर्ज भरायला बसण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा. उन्हाळ्यात पाणी किती खोल जातं आणि रान त्याच्यापेक्षा किती उंचावर आहे. गोठ्यात मोठी जनावरं किती. घरचं वीजबिल नेमकं कुणाच्या नावावर येतं. आणि पड माळ असेल तर तो महावितरणच्या उपकेंद्रापासून किती लांब. कोणती योजना आपल्या कामाची हे या चार उत्तरांवरूनच ठरतं. शेजाऱ्यानं सौरपंप घेतला म्हणून आपणही घेतला, असं केलं की पंप रानात उभा राहतो आणि पाणी मात्र पुन्हा दुसऱ्याच्याच पाइपलाइनचं घ्यावं लागतं.

आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळी आहे. पश्चिमेकडं गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत चार महिने सूर्य धड दिसत नाही. पंचगंगा, दूधगंगा, वारणेच्या काठाला २०१९ आणि २०२१ चे पूर अजून कुणी विसरलेलं नाही. जमीन तुकड्यातुकड्यात, आणि त्यातल्या बऱ्याच भागावर ऊस. कोरडवाहू मुलखात बसलेलं गणित उचलून इथं लावता येत नाही.

सौरपंप कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली आहे. म्हणजे ज्याच्याकडं तेवढ्या ताकदीची, विजेवर चालणारी मोटर आधीच आहे त्याला सौरपंपानं बिलात काही वाचत नाही. त्याची खरी गरज दिवसा पाण्याची असते. रात्रीच्या पाळीची लाईट, सरीत पाय घालताना सापाची भीती, डोंगरालगतच्या गावांत गव्यांचे कळप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना मात्र मुळात पारंपरिक जोडणी नसलेल्यांसाठी आहे. जोडणीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबलेल्यांचाही त्यात विचार होतो.

नदीवरून दोन-तीन किलोमीटर पाणी उचलून आणणाऱ्या पाणीपुरवठा संस्थेचं काम या पंपाचं नाही. तिथल्या मोटरा मोठ्या अश्वशक्तीच्या असतात आणि योजना ७.५ वर थांबते. संस्थेचं पाणी वेळेवर मिळत असेल तर ते सोडू नका. सौरपंप खरा उपयोगी पडतो तो स्वतःची विहीर, बोअर किंवा शेततळं असलेल्या, पाच-सहा एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला.

योजनेत पंपाची ताकद जमिनीवरून ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, अडीच ते पाच एकर ५, पाच एकरांच्या वर ७.५. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के, बाकीचं अनुदान. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडं असते आणि विमाही त्यात येतो.

कागदांत अडकतं ते सातबाऱ्यावर. विहीर किंवा बोअर प्रत्यक्षात आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, हे फार ठिकाणी होतं. आधी तलाठ्याकडं ती नोंद लावून घ्या, मगच अर्ज. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं ना हरकत पत्र स्टॅम्प पेपरवर लागतं. मुंबईला किंवा पुण्याला असलेल्या भावाची सही आणायला गणपतीची सुट्टी गाठावी लागते, म्हणून हे काम पहिल्यांदा उरका. नदी-ओढ्यावरून पाणी उचलणार असाल तर पाटबंधारे खात्याचा उपसा परवाना हवा. आणि हे लक्षात ठेवा, उन्हाळ्यात उपसाबंदी लागली की ती सौरपंपालाही लागू असते.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरूनच करा. तिथं हिस्सा भरल्यावर पुरवठादार निवडता येतो. फोनवरून 'आजच पैसे भरा, नंबर पुढं घेतो' म्हणणारा कुणीही असो, फोन ठेवून द्या.

पाण्याचा हिशेब: हेड आधी, अश्वशक्ती नंतर

पंप किती पाणी देईल हे अश्वशक्तीपेक्षा हेडवर जास्त अवलंबून असतं. हेड म्हणजे पाण्याच्या पातळीपासून पाणी सोडण्याच्या जागेपर्यंतची उभी उंची, त्यात पाइपमधल्या घर्षणाची भर, आणि ठिबक असेल तर त्याला लागणारा दाब.

उभी उंची मोजताना मे महिन्यातली पातळी धरा. ऑक्टोबरमध्ये विहीर काठोकाठ असते, तेव्हा मोजलेलं हेड फसवतं. घर्षणाकडं तर कुणी बघतच नाही. सेकंदाला ५ लिटर पाणी जात असेल तर १०० मीटर लांबीला ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपमध्ये सुमारे ६ मीटर हेड खर्च होतं, ७५ मध्ये अडीच मीटर, आणि ९० मध्ये एकच मीटर. म्हणजे ५०० मीटर लांब रान असेल तर ६३ च्या पाइपला ३० मीटर हेड नुसतं घासण्यात जातं. जुन्या मोटरीचा पाइप आहे तोच वापरू, असं म्हणण्याआधी हा आकडा बघा. पाइप एक माप मोठा घेणं हा सौरपंपावरचा सगळ्यांत स्वस्त सुधार आहे.

एक उदाहरण घेऊ. पाणी १२ मीटर खोल, रान विहिरीच्या काठापेक्षा १० मीटर उंच, ७५ चा पाइप ३०० मीटर. १२ अधिक १० अधिक साडेसात, म्हणजे साडेएकोणतीस. ३० मीटर धरा. ठिबक लावायचं तर त्यात १० ते १५ मीटर आणखी घाला.

आता पाणी. केंद्र सरकारच्या मानकात डीसी मोटरीच्या पंपासाठी, चांगल्या उन्हाच्या दिवशी, पॅनेलच्या प्रत्येक वॉटमागं ३० मीटर हेडला ३५ लिटर, ५० मीटरला २१ लिटर आणि ७० मीटरला १४ लिटर असा अंदाज धरलेला आहे. एसी मोटर थोडं कमी देते. ५ अश्वशक्तीच्या पंपाबरोबर साधारण ४,८०० वॉटचे पॅनेल येतात. म्हणजे ३० मीटरला दिवसाला १ लाख ६८ हजार लिटर, ५० मीटरला १ लाखाच्या आसपास, ७० मीटरला ६७ हजार. मानकातला दिवस मात्र लख्ख उन्हाचा असतो. आपल्याकडं त्यातून पाव भाग वजा करून हिशेब घालावा. ३० मीटरला सव्वा लाख लिटर धरा.

सव्वा लाख लिटर म्हणजे किती? एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पाटानं ऊस भिजवताना एका पाळीला साडेसात सेंटीमीटर पाणी धरलं तर एकरी ३ लाख लिटर लागतात. म्हणजे अडीच दिवसांत एक एकर, आणि उन्हाळ्यात दहा दिवसांची पाळी धरली तर चार एकर. ठिबकवर भर उन्हाळ्यात मोठ्या उसाला दिवसाला ६ मिलिमीटर, म्हणजे एकरी २४ हजार लिटर. पण ठिबकमुळं हेड ४५ मीटरच्या आसपास जातं, पाणी ८० हजारांच्या पुढं-मागं येतं, आणि एकर साडेतीनच भिजतं. ठिबक लावलं की क्षेत्र आपोआप दुप्पट होतं, हा समज सौरपंपावर तरी खरा नाही. वाचतं ते विहिरीतलं पाणी. विहीर लवकर तळाला जात असेल तर ठिबक घ्या, विहीर भरपूर असेल आणि ऊन कमी पडत असेल तर पाट परवडतो.

ठिबकवाल्यांनी आणखी एक करावं. सौरपंपाचा दाब सकाळी कमी, दुपारी भरपूर, चारनंतर पुन्हा कमी. एका व्हॉल्व्हवर मोठं क्षेत्र जोडलं असेल तर सकाळी शेवटच्या ओळीला थेंबही जात नाही आणि त्या पट्ट्यातला ऊस पिवळा पडतो. व्हॉल्व्हचे भाग लहान करा. लांबचा आणि उंचावरचा भाग अकरा ते दोनमध्ये घ्या, जवळचा सकाळी. रानाच्या वरच्या टोकाला टाकी किंवा शेततळं करायची सोय असेल तर तिथं दिवसभर पाणी चढवून उतारानं सोडणं सगळ्यांत निवांत.

पावसाळ्यात पंप कमी चालतो, ही तक्रार खरी असली तरी बिनमहत्त्वाची. जुलैत ढग असताना पाणी लागतंय कुणाला? ऑक्टोबरपासून मेपर्यंत पिकाची तहान आणि ऊन बरोबरच वाढतात.

जागा, पाया, सावली, वीज

५ अश्वशक्तीच्या पॅनेलना भोवतीच्या मोकळ्या जागेसह साधारण अर्धा गुंठा लागतो. तोंड दक्षिणेला, उतार जमिनीशी १५ ते १७ अंशांचा. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे, त्यावरून हा कोन येतो. सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर थंडीत जास्त उभा आणि उन्हाळ्यात जवळजवळ आडवा ठेवा.

सावलीच्या बाबतीत तडजोड नको. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळं पाइपवर एके ठिकाणी पाय दिल्यावर पुढचं पाणी अडतं तसं एका पॅनेलवरच्या नारळाच्या झावळीनं सगळ्या माळेचा प्रवाह बसतो. झाड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. दक्षिणेला असेल तर किमान उंचीएवढं, कारण डिसेंबरच्या दुपारी सावली उत्तरेकडं उंचीच्या ०.८ पट पडते. आणि आपल्याकडं विसरलं जाणारं 'झाड' म्हणजे ऊसच. पॅनेल बसवताना रानात कांडी नुकती फुटलेली असते. दहा महिन्यांनी तोच ऊस दहा-बारा फूट होतो आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन खातो. पॅनेलच्या पूर्व-पश्चिमेला दोन-तीन सऱ्या ऊस लावू नका. तिथं भुईमूग, सोयाबीन, भाजीपाला, काहीही बुटकं चालेल.

काळ्या रानात पाया खोल हवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवरचा काँक्रीटचा ठोकळा दोन वर्षांत कलंडतो. मुरूम लागेपर्यंत खणा. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारू द्या, मगच सांगाडा आणि पॅनेल चढवा. पुरवठादाराची टोळी एका दिवसात काम उरकून जायच्या घाईत असते. तिथं रानात उभं राहणं तुमचं काम. एप्रिल-मेच्या वळवात पॅनेल उडतात ते बहुतेक ओल्या पायामुळं आणि सैल राहिलेल्या बोल्टांमुळं. पहिल्या पावसाळ्याआधी सगळे बोल्ट पान्यानं एकदा आवळा.

वळीव म्हटलं की वीज आलीच. वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं आणि सांगाडा व कंट्रोलर (पंप चालवणारी पेटी) यांचं वेगळं असलं पाहिजे. आजरा, चंदगड, शाहूवाडीच्या तांबड्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडून निकामी होतं. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतत जा.

पुराच्या पट्ट्यात जागा निवडताना २०१९ चं किंवा २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या भिंतीवर बघा आणि कंट्रोलर त्याच्या वर बसवा. पॅनेलपासून मोटरीपर्यंतची केबल किटमध्ये मोजकी येते. जास्तीची स्वतःच्या पैशानं घ्यावी लागली तरी घ्या, फक्त जाडी पुरवठादाराला विचारून. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी इशाऱ्याकडं चढू लागलं की डीसी स्विच बंद करून कंट्रोलर सोडवून घरी आणायचा. वायरिंगचा फोटो आधी काढा. हे कसं करायचं ते पुरवठादाराच्या माणसाकडून पंप बसवतानाच करून दाखवून घ्या, म्हणजे पुढं 'तुम्हीच उघडलात' म्हणून हमी नाकारली जाणार नाही. आणि पाण्यात बुडालेल्या पॅनेलला हात लावू नका. ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये वीज असते, स्विच बंद असला तरी.

त्याच कारणानं पंप चालू असताना पॅनेलच्या मागचे जोड ओढून सोडू नका. डीसी विजेची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही, जोड वितळतो आणि हात भाजतो.

पुढची देखभाल थोडी आहे. गुऱ्हाळाच्या चिमणीची राख, जाळलेल्या पाचटाची काजळी, वीटभट्टीची धूळ यांचा थर पॅनेलवर बसतो. हंगामात पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पॅनेल गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बोअरचं क्षारी पाणी पांढरे डाग ठेवतं, म्हणून धुतल्यावर पुसून काढा. बसवल्याच दिवशी प्रत्येक पॅनेलच्या मागचा क्रमांक, मोटरीचा आणि कंट्रोलरचा क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांत तक्रार, पुरवठादाराला कळवणं आणि महावितरणला कळवणं ही तिन्ही कामं ताबडतोब करावी लागतात, आणि तिन्ही ठिकाणी हेच क्रमांक मागतात.

शेण असेल तर बायोगॅस

कोल्हापूरच्या दुभत्या घराला सौरपंपापेक्षा बायोगॅस लवकर वसूल होतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण त्यात गॅस दुय्यम आहे, स्लरी, म्हणजे संयंत्रातून बाहेर पडणारं पातळ शेणखत, मुख्य.

माप शेणावरून ठरवा, माणसांवरून नाही. १ घनमीटर क्षमतेला रोज २५ किलो ताजं शेण लागतं. बांधून पोसलेली म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, गाय १० किलो. म्हणजे तीन म्हशी आणि एक गाय असलेल्या गोठ्याला २ घनमीटरचं संयंत्र बरोबर बसतं. सहा-सात माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. एक शेगडी चार-साडेचार तास चालेल इतका गॅस रोज मिळतो, आणि महिन्याकाठी पावणेदोन सिलिंडरच्या आसपास बचत होते. 'पुढं म्हशी वाढवणार आहे' म्हणून दोन जनावरांवर ४ घनमीटरचं बांधलं की त्याला पोटभर शेण मिळत नाही, दाब येत नाही, आणि वर्षाभरात त्यात पालापाचोळा साठलेला दिसतो. थोडं शेण शेणींसाठी ठेवायची घरची पद्धत असेल तर तेवढं आधीच वजा करा.

बांधीव संयंत्रात दीनबंधू पद्धतीचं, घुमटाचं, आपल्याकडं चांगलं टिकतं. २ घनमीटरला साधारण हजार विटा आणि १४ ते १६ पोती सिमेंट लागतं. खड्डा तीनेक मीटर रुंद आणि पुरुषभर खोल. गवंडी मात्र घुमट बांधलेलाच हवा. घराच्या भिंती उत्तम बांधणारा गवंडी इथं हमखास चुकतो, कारण घुमटाच्या आतला गिलावा पाणी नव्हे तर गॅस अडवणारा लागतो. आतून थरावर थर गिलावा, त्यावर सिमेंटची निळ, आणि दोन आठवडे पाणी. एक केसाएवढी भेग राहिली तरी गॅस जातो आणि मालकाला वाटतं, शेणच वाईट.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. पश्चिमेच्या तालुक्यांत जूननंतर जमिनीतलं पाणी वर येतं. रिकामं संयंत्र पावसाळ्यात सोडलं तर खालून दाब येऊन ते उचललं जातं किंवा तडकतं. तिथं पायाभोवती पाणी काढून देणारी चर हवीच. विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवा, आणि स्वयंपाकघरापासून वीस मीटरच्या आत असेल तर उत्तम. दिवसभर ऊन लागेल अशी जागा निवडा. थंडीत झाडाखालचं संयंत्र निम्म्यावर येतं.

पहिल्या भरणीला २ घनमीटरसाठी सुमारे २ टन शेण आणि तितकंच पाणी लागतं. हे महिनाभर आधी साठवायला लागा किंवा शेजारच्या गोठ्यांतून आणा. चालू संयंत्रातली दोन-चार घागरी स्लरी त्यात घातली तर लवकर सुरू होतं. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो दोन-तीनदा सोडून द्या. सोडताना जवळ विडी-काडी नको.

रोजची भरणी एकास एक, ५० किलो शेणाला ५० लिटर पाणी, गुठळ्या मोडून. घट्ट घातलं तर वर साय धरते, पातळ घातलं तर कुजायच्या आधीच बाहेर पडतं. वैरणीची काडी आणि माती काढून टाका, माती तळाशी बसून जागा खाते. गोठा फिनेलनं धुतला असेल तर ते पाणी आत जाऊ देऊ नका. म्हशीला मस्टायटिसचं प्रतिजैविक चालू असेल तर तितके दिवस तिचं शेण उकिरड्यात टाका. गॅस अचानक कमी झाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: आठवड्यात डॉक्टर येऊन गेले का?

ज्योत पिवळी पडून फडफडत असेल तर बहुतेक वेळा पाइपमध्ये पाणी साठलेलं असतं. गॅसबरोबर वाफ येते आणि ती पाइपात गार होते. पाइपला १०० मीटरला १ मीटर असा उतार पाणी काढायच्या नळाकडं द्या आणि आठवड्यातून एकदा तो उघडा. शेगडी बायोगॅसचीच घ्या, एलपीजीची तशीच लावली तर भोक लहान पडतं.

एक सक्त सूचना. साफसफाईसाठी संयंत्रात कधीही कुणी उतरू नये. आत ऑक्सिजन नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि काढायला गेलेला दुसराही पडतो.

स्लरी रोज साधारण शंभर लिटर बाहेर येते. तिच्यातलं नत्र वर्षाला ३५ ते ४० किलो धरा, म्हणजे जवळपास दोन पोती युरियाइतकं. उन्हात वाळवली तर त्यातला बराचसा अमोनिया उडून जातो, म्हणून वाळवण्यापेक्षा ओलीच वापरा. खोडव्यात पाचट न जाळता एकाआड एक सरीत दाबून त्यावर स्लरी सोडली तर पाचट लवकर कुजतं. रान लांब असेल तर गोठ्याजवळ खड्डा करून पाचटाचे आणि स्लरीचे थर द्या. खड्ड्यावर पावसाळ्यात छप्पर हवं, नाहीतर सगळं ओढ्याला जातं.

अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात बांधकामाच्या आधी नोंद करा. तयार किटची फुग्याची संयंत्रंही मिळतात, बसवायला सोपी, पण उंदीर-घूस आणि जनावरांच्या शिंगांपासून कुंपण लागतं.

घराचं छप्पर

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागं ३० हजार, आणि ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ३ किलोवॉटला ३०० चौरस फुटांच्या आसपास छप्पर लागतं आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला १२ युनिट मिळतात. दूध काढायचं यंत्र, कडबाकुट्टी, पाण्याची मोटर घरगुती मीटरवर चालत असेल तर हे परवडतं. महिन्याला साठ-सत्तर युनिटचंच बिल येत असेल तर १ किलोवॉट पुरे.

अडतं ते नावात. बिल आजोबांच्या नावावर, घर वडलांच्या, अर्ज मुलाचा. आधी मीटरचं नाव बदलून घ्या. कौलारू छपरावर सांगाडा नीट बसत नाही आणि गळती लागते. गोठ्याचं पत्र्याचं शेड भक्कम असेल तर त्यावर बसवा. आणि लाईट गेली की हे पॅनेलही बंद पडतात, बॅटरी असल्याशिवाय. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा केलेला असतो. विकणाऱ्यानं 'लाईट गेली तरी चालेल' म्हटलं तर बॅटरीचं वेगळं दरपत्रक मागा.

माळ भाड्यानं देताना

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर वीजप्रकल्पासाठी दिलेल्या खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठेवला आहे. एकरी ५० हजार. जमीन उपकेंद्राजवळ हवी, आणि १ मेगावॉटला चार-पाच एकर सलग लागतात.

शिरोळ-करवीरमधल्या बारमाही पाण्याच्या उसाच्या रानाला हा सौदा करू नका. एकरी चाळीस-पन्नास टन काढणारा शेतकरी खर्च जाऊन याच्या पुढं-मागं राहतो, आणि वर जमीन हातात असते. पण गडहिंग्लजच्या पूर्वेचा कोरडा पट्टा, हातकणंगल्याचा डोंगराकडचा माळ, जिथं वर्षाला नाचणी-कुळीथही धड येत नाही, तिथं एवढं भाडं दुसरं कुठलंच पीक देणार नाही. एकट्याचा तुकडा लहान पडत असेल तर शेजारच्या तीन-चार खातेदारांनी मिळून सलग क्षेत्र दाखवावं.

देण्याआधी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, 'खाजगी वने' असा शेरा, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन), यातलं काहीही असेल तर आधी ते निस्तरावं लागतं. पश्चिमेकडं अभयारण्य आणि पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या हद्दी वनखात्याकडून लेखी तपासून घ्या.

करार नोंदणीकृतच हवा, दुय्यम निबंधकाकडं. नोटरीवर भागवू नका. मुदत पंचवीस-तीस वर्षांची असते, म्हणजे तो तुमच्या मुलांना बांधतो. त्यात पाच गोष्टी शब्दांत लिहून घ्या. भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि चुकलं तर व्याज किती. सलग किती महिने थकलं तर करार रद्द. ही जमीन कंपनीला कर्जासाठी गहाण ठेवता येणार नाही. पावसाचं पाणी शेजारच्या रानात न घालता कुठल्या ओढ्याला काढायचं. आणि मुदत संपल्यावर खांब, पाये, केबल सगळं कुणी, किती महिन्यांत आणि कुणाच्या खर्चानं काढायचं. यातला शेवटचा मुद्दा छापील मसुद्यात अनेकदा एका ओळीत गुंडाळलेला असतो. एका मेगावॉटला जमिनीत शेकडो खांब उतरतात, ते उपटून रान पुन्हा नांगरटीला आणायचा खर्च एखाद्या वर्षाच्या भाड्याइतका सहज होऊ शकतो, म्हणून त्यासाठी सुरुवातीलाच बँक हमी मागा.